एक जानेवारीचा बिघडलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. माझं वय ऐकलंत तर तुम्ही हसाल. मला आता कुठे पाचवं वर्ष लागलं आहे, आणि एवढ्या वयाच्या पोराला घरात कुणी जुना म्हणत नाही, उलट कडेवर घेऊन फिरवतात. पण मी पडलो डिजिटल फोटो. आमच्यात चार वर्षं म्हणजे पुलाखालून बरंच पाणी गेलं. ज्या कॅमेऱ्याने मला जन्म दिला तो कधीच भंगारात गेला, आणि मी जिथे वाढलो त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर आता संपतच्या दुकानात गिऱ्हाइकं बसतात. मी मात्र आहे. अर्धामुर्धा का होईना, पण आहे.

आम्हा डिजिटल फोटोंचं एक बरं असतं. आम्ही जन्मताना आपली पत्रिका सोबत घेऊनच येतो. कॅमेरा फोटो काढतो तेव्हाच आमच्या पोटात एक चिठ्ठी घालून ठेवतो. तारीख कोणती, वेळ काय, कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा होता, फ्लॅश उडाला की नाही, सगळं त्यात असतं. फोटो पाहणाऱ्याला ती चिठ्ठी दिसत नाही. ज्याला मागता येते त्यालाच मिळते. माझ्या चिठ्ठीत लिहिलं आहे की माझा जन्म एक जानेवारी २००३ रोजी सकाळी सात वाजून एकवीस मिनिटांनी झाला, फ्लॅश उडाला नाही आणि डोळा एका सेकंदाचा पंधरावा भाग उघडा होता.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तारीख आणि वेळ साफ खोटी आहे.

कॅमेऱ्याला बोल लावू नका. दोष असलाच तर संपतचा, आणि संपत तसा गुणाचा माणूस. भोकरदनच्या बसस्टँडसमोर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. २००५ साली त्याने रोलचा कॅमेरा विकला आणि जालन्याहून एक वापरलेला डिजिटल कॅमेरा आणला. त्याला चार सेल लागायचे आणि संपतकडे चारच होते. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना तो सेल काढून चार्जिंगला लावायचा. सेल निघाले की कॅमेरा सगळं विसरायचा. सकाळी सेल घातले की तो बिचारा इंग्रजीत विचारायचा, आज तारीख काय? संपत बटण दाबून पुढे जायचा. मग कॅमेरा आपल्या मनाने धरून चालायचा की आज एक जानेवारी २००३ आहे आणि मध्यरात्रीचे बारा वाजले आहेत. दुकान नऊला उघडायचं, उदबत्ती लागायची, सेल आत जायचे, आणि भोकरदनात पुन्हा एक जानेवारी उजाडायची. वर्षभर, रोज.

संपतची बायको बेबीनंदा दुकानातला कॉम्प्युटर सांभाळायची. ती कधीमधी टोकायची, "अवो, तारीख तं टाका त्याच्यात."

"काय करायचं तारखेला?" संपत म्हणायचा. "गिऱ्हाईक फोटो पाहतं का तारीख पाहतं? अन् आपली तरी तारीख कुठं खरी हाय? तुही एक जून, माही एक जून."

यावर बेबीनंदा पुन्हा आपल्या कॉम्प्युटरकडे वळायची. शाळेत नाव घालताना मास्तरांनी दोघांनाही एक जूनलाच जन्माला घातलं होतं. सगळ्या गल्लीलाच घातलं होतं. पोरगं आणा, उंची पाहा, एक जून लिहा, संपलं. त्या मानाने कॅमेऱ्याने वेगळं काय केलं? माझी हजारो भावंडं एकाच तारखेला जन्मली आणि कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते पुढे. आधी माझा जन्म ऐका.

केदारखेड्याच्या कौसल्याताई गावात अंगणवाडी चालवतात. त्यांनी बायकांचा बचत गट काढला होता आणि बँकेच्या पासबुकाला प्रत्येकीचा फोटो हवा होता. कौसल्याताईंची आई गिरिजाबाई. पासष्टीच्या घरातली बाई, पण कॅमेऱ्यासमोर जन्मात बसलेली नव्हती. लग्नात फोटो काढायची ऐपत नव्हती, पुढे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाजाराच्या दिवशी कौसल्याताई तिला घेऊन संपतच्या दुकानात आल्या. सोबत गिरिजाबाईंचे मालक रखमाजी होते. त्यांचं खरं तर तिथे काही काम नव्हतं. बाजार झाला होता, गावावरून जाणारी जालन्याची गाडी साडेचारला होती, म्हणून आपले येऊन बसले.

संपतने गिरिजाबाईंना स्टुलावर बसवलं आणि पहिला फोटो घेतला. फ्लॅश उडाला तशा गिरिजाबाई दचकल्या.

"अगं माय! ईज पडल्यावानी झालं."

तो पहिला फोटो म्हणजे माझी थोरली बहीण म्हणा. डोळे वटारलेले, ओठ घट्ट, मानेच्या शिरा ताणलेल्या. पोलिसांनी पकडून आणलेल्या माणसाचा असतो तसा. पण दोन्ही कान दिसत होते, नजर समोर होती, पासबुकाला आणखी काय लागतं? संपत खूश झाला. तरीही त्याची सवय अशी की एक जास्तीचा घेऊन ठेवायचा. तेवढ्यात कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला. सेल संपत आले होते, फ्लॅश उडेना. दुकानातली लाइट तर दुपारपासूनच गेलेली.

संपतने स्टूल दाराशी ओढलं. बाहेरचं उतरतं ऊन गिरिजाबाईंच्या एका गालावर पडलं, दुसरा गाल अंधारात राहिला. त्या गालावर उजेड फेकायला पांढरं काहीतरी धरावं लागतं. संपतकडे थर्माकोलचा एक तुकडा होता, पण तो बेबीनंदाने गौरीच्या आरासीला घरी नेला होता. संपतने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्याची नजर रखमाजींच्या डोक्यावर गेली.

"मामा, तुमचा फेटा द्या की जरा. मोकळा करून असा दोन्ही हातांनी धरा."

मित्रांनो, तुम्हाला हे साधं वाटेल. पण रखमाजींच्या पिढीतला माणूस बाजारात बोडक्या डोक्याने उभा राहत नाही. घरात चालेल, विहिरीवर चालेल, चारचौघांत नाही. रखमाजींनी लेकीकडे पाहिलं, स्टँडकडे पाहिलं, ओळखीचं कुणी आहे का ते पाहिलं. मग मुकाट्याने फेटा सोडला आणि वाळत घातलेल्या धोतरासारखा दोन्ही हातांत ताणून उभे राहिले. भुवयांपर्यंतचं तोंड उन्हाने रापलेलं, त्यावरचं टक्कल मात्र पांढरंफेक. जणू दोन माणसं जोडून एक माणूस केला होता. समोर गिरिजाबाई. त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"हसू नको," रखमाजी दातांतल्या दातांत म्हणाले. "मानसं पाहून राह्यले."

झालं! कुणी हसू नको म्हटलं की काय होतं ते तुम्हाला वर्गात नेहमीच कळत असेल. गिरिजाबाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. पदर धरलेला हात तोंडाकडे निघाला, आणि तो तोंडापाशी पोचायच्या आत संपतने बटण दाबलं.

तो मी.

संपतने मला कॅमेऱ्यात पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "छे, बिघडला. नजर इकडं न्हाई, हात बी हालला." त्याने मला पुसायला बटणावर बोट ठेवलं. त्याच क्षणी सेल पुरते संपले आणि कॅमेरा बंद पडला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "आबा, गाडी!" म्हणून कौसल्याताई ओरडल्या आणि रखमाजी फेटा बगलेत मारून बोडक्यानेच पळाले. त्यांच्यामागे गिरिजाबाई, अजून हसतच.

अशा रीतीने मी जन्मल्याबरोबर मरता मरता वाचलो. संध्याकाळी बेबीनंदाने सगळे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. माझ्यापाशी आली आणि एकटीच खुदकन हसली. "ह्यो न्हाई पुसायचा," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक, आणि पुढे बराच काळ शेवटचंही.

कारण त्यानंतर मला कुणी पाहिलं नाही. मी कॉम्प्युटरच्या पोटात पडून राहिलो. आमच्या खोक्यांना नावं काय होती? न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर सतरा. लग्नसराई आली की नव्या नवऱ्या-नवरदेवांची रीघ लागायची आणि आम्हाला आत आत सरकावं लागायचं. शेवटी कॉम्प्युटर गच्च भरला. मग बेबीनंदाने आम्हाला सीड्यांवर उतरवलं, प्रत्येक सीडीवर काळ्या पेनाने एकच शब्द लिहिला, "जुने", आणि कॉम्प्युटरवरून पुसून टाकलं. बावीस सीड्या आणि बाविसांवरही "जुने". काउंटरखालच्या एका खोक्यात आमची वस्ती झाली. मी रागावलो नाही, मित्रांनो. वाईट मात्र वाटलं. चांगल्या हसऱ्या माणसाचा फोटो असून अंधारात राहायचं, हे काही बरं नव्हे.

२००७ च्या चैत्रात गिरिजाबाई गेल्या. ताप आला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. घरच्यांकडे फोटो एकच, पासबुकाचा. संपतने त्याच्यावरून मोठा फोटो करून दिला आणि आपल्या परीने जीव ओतला. मागे गुलाबाची बाग टाकली, गिरिजाबाईंना चांगलं गोरं केलं, ओठांना जरा लाली लावली. मुळातले वटारलेले डोळे मात्र तसेच राहिले. तो फोटो भिंतीवर लागला, त्याला हार चढला. पाहुणेरावळे म्हणाले, फोटो झकास झाला.

रखमाजी तेवढे त्या भिंतीला पाठ करून बसले.

त्या साली त्यांनी ज्वारी पेरली होती. डिसेंबरात कणसं हुरड्यात आली आणि पाखरांच्या झुंडी उतरायला लागल्या. दरवर्षी ते काम गिरिजाबाईंचं. शेताच्या मध्ये चार खांबांवर माळा बांधलेला असायचा. त्या दिवसभर माळ्यावर बसून गोफण फिरवायच्या आणि "हाऽऽ हाऽऽ" अशी आरोळी द्यायच्या की शेजारच्या शिवारातली पाखरंसुद्धा उठायची. रखमाजींचा खांदा धरलेला, हात वर जात नव्हता, मग गोफण कशी फिरवणार? कुणीतरी सांगितलं, चकचकीत सीड्या टांगा, पाखरं भितात. रखमाजी संपतकडे आले.

"बेकार झालेल्या सीड्या हायेत का रं? पाखरं हाकायला पाह्यजेत."

संपतने काउंटरखालचं खोकं ओढलं. वर "जुने" लिहिलेलं. त्याने आनंदाने सगळं खोकं देऊन टाकलं. नेणाऱ्याला माहीत नाही काय नेलं, देणाऱ्याला माहीत नाही काय दिलं. बेबीनंदा त्या दिवशी माहेरी गेली होती, नाहीतर तिने विचारलं तरी असतं.

रखमाजींनी भोकांतून सुतळी ओवून आम्हाला शेतभर टांगलं. आमची सीडी त्यांनी माळ्याखाली, खांबाला बांधली. वर फळ्यांची सावली होती. बाकीच्या एकवीस जणी दिवसभर उन्हात तळत होत्या. मी तेवढा सावलीत. पहिले चार दिवस पाखरं आम्हाला भ्याली. पाचव्या दिवशी एक चिमणी माझ्याच सुतळीवर बसून कणीस खात होती.

दुपारी रखमाजी माळ्याखाली भाकरी खायला बसायचे. समोर मी फिरत असायचो. कधी त्यांचं तोंड माझ्यात दिसायचं, कधी ज्वारीचं रान. एकदा घास हातात धरून ते म्हणाले, "पाखरं काय भेत न्हाईत बाप्पा याला. तिच्या आवाजाची सर न्हाई." ज्या बाईच्या जागी आम्हाला टांगलं होतं, तिचंच हसू माझ्या पोटात होतं, त्यांच्यापासून दोन हातांवर. मला वाचा असती तर मी तिथल्या तिथे ओरडलो असतो.

ज्वारीची सोंगणी, म्हणजे कापणी, झाली. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं. कौसल्याताई एका सकाळी घर सारवायला आल्या आणि पाहतात तर आईचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलेला.

"आबा, मायचा फोटो उलटा कामून केला?"

रखमाजी उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "कौसे, मला तुह्या मायचं तोंड आठवेना."

"असं कसं व्हईल?"

"व्हऊन राह्यलं बाई. चाळीस-पंचेचाळीस साल एका घरात राह्यलो. पण मानसांत बायकोकडं सरळ पाहायची रीत न्हवती. म्हातारे व्हते, भावकी व्हती. पाह्यलं ते चोरून पाह्यलं. तेवढंच जमा व्हतं माह्यापाशी. आता डोळे मिटले की ती येत न्हाई, ही भितीवरची येती. डोळे वटारून पाहती. ही कोन बाई हाय मला ठाव न्हाई. ही रोज येऊन माही तिला पुसून राह्यली."

मित्रांनो, हे पुढे माझ्या कानावर आलं तेव्हा मला आम्हा फोटोंची लाज वाटली. लोक आम्हाला आठवण म्हणून जपतात. पण वाईट फोटो आठवणीला मदत करत नाही, तिच्या जागी जाऊन बसतो. माझी थोरली बहीण बिचारी मुद्दाम काही करत नव्हती. तरी ती रोज एका म्हाताऱ्या माणसाची बायको त्याच्याकडून थोडी थोडी काढून घेत होती. असंच चाललं असतं तर वर्षश्राद्धापर्यंत रखमाजींपाशी काही शिल्लक राहिलं नसतं.

कौसल्याताई डोळे पुसत उठल्या, आणि उठता उठता त्यांना मी आठवलो. "आबा, त्या दिशी दोन फोटो काढले व्हते! तुमचा फेटा धरून काढला तो?"

त्याच दिवशी बापलेक भोकरदनला आले. संपतने ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"ताई, ते फोटो तं सीड्यांवर व्हते. अन् सीड्या मामाच घेऊन गेल्ते. पाखरं हाकायला."

रखमाजी बाकावर बसले. "म्हंजे मीच टांगली व्हती," एवढंच म्हणाले.

पहिली सावरली ती बेबीनंदा. तिने नवऱ्याला मोटारसायकल काढायला लावली. "जेवढ्या सापडतील तेवढ्या घेऊन या. फुटक्या बी आणा." संपत केदारखेड्याला गेला आणि तासाभरात पिशवी घेऊन आला. तीन सीड्या फुटल्या होत्या. अठरांचा मुलामा उन्हाने उडून त्या काचेसारख्या आरपार दिसत होत्या. बेबीनंदाने एकेक कॉम्प्युटरमध्ये घातली आणि कॉम्प्युटरने एकेक बाहेर टाकली. शेवटी माळ्याच्या खांबाची राहिली. तिने ती साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ कापडाने पुसली आणि आत सरकवली. कॉम्प्युटर घरघरला. बराच वेळ घरघरला. मग पडद्यावर यादी आली.

आठशे चोपन्न फोटो. पण नुसती यादी. कुठल्याच फोटोचं तोंड दिसेना. एक उघडून पाहिला तर पाच मिनिटं खाऊन अर्ध्यात अडकला. संपतने मान हलवली. "लई खराब झाली. चार-दोन फोटो देईल, मंग मरंल ही. अन् लोडशेडिंगची येळ आली, लाइट जायला अर्धाच तास हाय."

"तारखेवरून काढा ना," कौसल्याताई म्हणाल्या.

यादीत प्रत्येक फोटोसमोर तारीख होती. बेबीनंदाने वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक जानेवारी. एक जानेवारी. एक जानेवारी. आठशे चोपन्न वेळा एक जानेवारी. संपतने कपाळावर हात मारला. तारखेला काय करायचं म्हणणारा माणूस आता तारखेसाठी तळमळत होता.

बेबीनंदा मात्र यादीकडे पाहतच राहिली. तिचं बोट तारखेवरून पलीकडच्या रकान्यावर सरकलं.

"तारीख खोटी हाय," ती म्हणाली, "पर घड्याळ तं बराबर चालत व्हतं. ताई, फोटो काढला तवा वाजले किती व्हते?"

"साडेचारची गाडी हॉर्न देऊन राह्यली व्हती. फोटो काढला अन् आमी पळालो."

"मंग चार वीस धरा. आमचं दुकान उघडतं नऊला. सेल घातले की याचे बारा वाजतात. नऊपासून चार वीस म्हंजे किती झाले?"

तुम्हीच सांगा किती झाले. वजाबाकी तुमच्या वर्गातली आहे. सात तास वीस मिनिटं! बेबीनंदाने यादी वेळेप्रमाणे लावली. आठशे चोपन्नांतले सातच फोटो सात ते साडेसातच्या मधले होते. त्यात दोन अगदी लागोपाठ, एक सात अठराचा, दुसरा सात एकवीसचा.

"पैला पासबुकाचा," ती म्हणाली. "दुसरा घेते."

तिने माझ्यावर बोट ठेवलं. सीडी फिरायला लागली. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. थांबायची, पुन्हा सरकायची. संपत कधी घड्याळाकडे पाही, कधी पंख्याकडे. पंखा फिरतोय म्हणजे लाइट आहे. कौसल्याताईंनी पदराचं टोक दातांत धरलं होतं. रखमाजी बाकावर पाठ करून बसले होते. त्यांना पाहायची हिंमत होत नव्हती. माझी काय अवस्था झाली होती म्हणून सांगू! उन्हाने माझे खालचे भाग खाल्ले होते, ते वाचताच येत नव्हते. वरचं जेवढं धड होतं तेवढं मी सगळं देऊन टाकलं. पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि थांबली ती थांबलीच. सीडीने एकदा खर्रकन आवाज केला आणि गप्प झाली. पुन्हा ती कधीच उघडली नाही.

"आलं तेवढं उघड," संपत म्हणाला.

बेबीनंदाने उघडलं. आधी दाराची चौकट आली, मग पांढरे केस आणि मधला भांग, मग कपाळावरचं कुंकू, मग बारीक झालेले डोळे, नाक, आणि एक दात पडलेलं, पुरतं उघडं, हसणारं तोंड. हनुवटीखाली सगळा राखाडी पट्टा. तोंडाकडे निघालेला हात नव्हता, पदर नव्हता. पण हसू सगळंच्या सगळं होतं.

"आबा," कौसल्याताई म्हणाल्या. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

रखमाजी उठले. पडद्याजवळ आले, पार नाक टेकेल इतके. तिथे घरातले म्हातारे नव्हते, भावकी नव्हती. त्यांनी आपल्या बायकोकडे सरळ पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं.

"कोणाकडं पाहून हसून राह्यली ही?"

"तुमच्याकडंच, मामा," संपत म्हणाला. "फेटा धरून उभे व्हते न्हाई का तुमी?"

रखमाजींनी मग एक गोष्ट केली, ती मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. दुकानातली माणसं त्यांच्याकडे पाहत होती. भिंतीवरची बाई येते की काय, याची ते परीक्षा घेत होते.

"आली," ते म्हणाले. "हीच आली."

मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

बेबीनंदाने घाईघाईने मला कॉम्प्युटरवर ठेवलं, दोन नव्या सीड्यांवर उतरवलं, आणि लाइट जायच्या आत कागदावरही छापलं. ठेवताना तिने विचारलं, "मामा, फोटोला नाव काय देऊ?" तोवर मला नाव नव्हतं. कॅमेऱ्याने दिलेला नुसता आकडा होता.

रखमाजी अडले. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. रखमाजींनी आयुष्यभर "अगं" म्हटलं, "कौसाची माय" म्हटलं, लोकांनी विचारलं तर "घरचे" म्हटलं. कौसल्याताई मदतीला धावून नाव सांगणार, तेवढ्यात त्यांनी हाताने लेकीला थांबवलं.

"गिरिजा," ते म्हणाले. मग स्वतःलाच ऐकू यावं म्हणून की काय, पुन्हा म्हणाले, "गिरिजा लिही."

मित्रांनो, तेव्हापासून माझं नाव गिरिजा आहे.

वर्षश्राद्धाला कौसल्याताईंनी मला चौकटीत बसवून भिंतीवर लावायचं ठरवलं होतं. ताजा हारही आणला होता. रखमाजींनी तो हातातून घेतला आणि थोरल्या बहिणीला भिंतीवर सरळ करून तिच्या गळ्यात घातला. "हार हिलाच बरा," ते म्हणाले. "ही गेलेली दिसती. हसनारीला काही घालू नको." तेव्हापासून मी त्यांच्या बंडीच्या खिशात असतो. त्यांच्याबरोबर शेतात जातो, भाकरीच्या वेळी बाहेर येतो. कागदाचे कोपरे दुमडलेत, एका जागी तेलाचा डाग पडलाय. मला त्याचं काही वाटत नाही.

तुमच्याही घरात कॉम्प्युटरच्या पोटात, एखाद्या सीडीवर, कपाटातल्या जुन्या मोबाइलमध्ये माझी भावंडं कोंडलेली असतील. त्यांतला एखादा बिघडलेला असेल, हात हाललेला, नजर भलतीकडे गेलेली. तो घाईने पुसू नका. ते माणूस कुणाकडे पाहून हसतंय ते आधी विचारा. चांगला असेल तो कागदावर छापून घ्या, कारण कागदाला लाइट लागत नाही. आणि त्याच्यामागे कोण, कुठलं, कधीचं ते लिहा. कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नका, त्याला सगळ्यांचा वाढदिवस एकच वाटतो. घरातली म्हातारी माणसं अजून बसलेली आहेत, त्यांना सगळी नावं ठाऊक आहेत. आज संध्याकाळी फोटो घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसा. ती माणसं नावं सांगतील, तुम्ही लिहून घ्या.